कीलरचे उंदीर

रातांधळेपणा म्हटला की आपण ‘अ’ जीवनसत्त्वाचे नाव घेतो. वर्गात मीही तेवढेच सांगत असे. एकदा सहलीहून परतताना तिन्हीसांजेला सारखा ठेचकाळणाऱ्या विद्यार्थ्याला मी ‘धांदरट’ म्हणून रागे भरलो. त्याच्या दृष्टिपटलातच जन्मजात दोष आहे, हे पुढे कळले. तेव्हापासून मी या विषयाचे वाचन करू लागलो.

१९२३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील क्लाइड कीलर हा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या उंदरांचे डोळे पाहत होता. काहींच्या दृष्टिपटलात मंद प्रकाशात पाहण्यासाठी लागणाऱ्या दंडाकार पेशीच त्याला दिसल्या नाहीत. त्याने त्यांची वीण वाढवून पाहिली. नर आणि मादी दोघांकडून आला तरच हा दोष पिल्लात उतरे. १९२४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे ती पैदास नामशेष झाली असे मानले गेले. काचपट्ट्या मात्र शिल्लक राहिल्या.

१९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ब्रुकनर यांना दृष्टिपटल झिजणारे उंदीर आढळले. त्यांच्यात दंडाकार पेशी तयार होत, पण तीन आठवड्यांत बहुतेक मरून जात. मग हा दोष कीलरचाच की निराळा? १९९० मध्ये या उंदरांतील बिघडलेले जनुक सापडले. प्रकाशाचा संदेश पुढे नेण्यास लागणारे एक एन्झाइम त्यावरून बनते. १९९३ मध्ये कीलरच्या सत्तर वर्षांच्या जुन्या काचपट्ट्यांतून डीएनए काढून तपासला, तो तोच दोष! त्या निबंधाच्या लेखकांत खुद्द कीलर होते, वय ९३.

त्याच वर्षी रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या काही रुग्णांतही हेच जनुक बिघडलेले आढळले. या रोगाला इतर अनेक जनुकेही कारण होतात, हे खरे. पण दोष असा सुप्त असला की आईवडिलांना काहीच त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका. जवळच्या नात्यात सोयरीक झाली की दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात, महाराष्ट्रातल्या इतर कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी होतात. जनुकाला दोन्ही सारखीच.

पालकहो, जीवनसत्त्वाच्या अभावाचा रातांधळेपणा ते दिल्यावर बहुधा हटतो, हा तसा हटत नाही. म्हणून अंधारात चाचपडणारे मूल नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. माझ्या त्या विद्यार्थ्याचे आईवडील मावसभावंडे आहेत. दोघांचीही नजर उत्तम आहे.