शिकणाऱ्यांचा शब्द

अभ्यासक्रम ठरविताना विद्यार्थ्यांस विचारावे काय, असे म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु मध्ययुगीन बोलोन्यात विद्यार्थिसंघच रेक्टर निवडीत. कायद्याचा कोणता भाग किती मुदतीत शिकवावा हे बांधलेले असे, आणि मागे पडणाऱ्या प्राध्यापकास दंड होई. (सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना हे आम्हांस कोणी सांगितले नाही!) पॅरिसमध्ये सत्ता अध्यापकांची, आपली विद्यापीठे त्याच वळणाची.

गोंदियाची महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते १९२३ चे. १९९४ च्या कायद्याने वर्गप्रतिनिधी निवडणुकीने नव्हे, गुणांवर नेमला. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षास अधिसभेत स्थान दिले; पण अभ्यासक्रम घडतो तो अभ्यास मंडळात. रोवणीच्या दिवसांत देवरी, अर्जुनी-मोरगावकडील शेतकऱ्यांची मुले बांधीत असतात. हे त्या मंडळास सांगणार कोण?