लीलावतीतील वेळूचे उदाहरण

लीलावतीतील वेळूचे उदाहरण हे भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. ११५०) या ग्रंथातील काटकोन त्रिकोणावरचे शाब्दिक उदाहरण आहे. भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड म्हणजे आजचे बीड, असे काहींचे मत आहे. मात्र त्यावर एकमत नाही.

सपाट जमिनीवरील ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो व त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. वेळू किती उंचीवर मोडला, हे काढायचे आहे.

मोडलेला भाग बुंध्यापासून सुटत नाही, म्हणून उभ्या व तिरप्या भागांची बेरीज ३२ हातच राहते. उदाहरणातील खरी मेख हीच. पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्यांच्या वर्गांतील फरक १६ × १६ = २५६. यास ३२ ने भागले असता दोन्ही भागांतील फरक ८ येतो. ३२ मधून ८ वजा करून निम्मे केल्यास उभा भाग १२ हात, म्हणून तिरपा २० हात. वर्गमूळ कोठेच काढावे लागत नाही. ताळा: १४४ + २५६ = ४००, म्हणजेच २० चा वर्ग.