धम्मग्रंथांची बांधणी : गुंडाळीपासून शिवणीपर्यंत

‘ग्रंथ’ हा शब्द गुंफणे, बांधणे या अर्थाच्या धातूपासून आला, हे वाचकांना विदित आहेच. भारतातील ताडपत्राची पोथी म्हणजे भोकांतून दोरी ओवून दोन फळ्यांमध्ये आवळलेली पाने. चीनमध्ये मात्र कागद रुळल्यावर ताव खळीने एकापुढे एक जोडून गुंडाळी करण्याची रीत पडली.

तुन-हुआंगच्या लेण्यात सापडलेले इ.स. ८६८ चे ‘वज्रच्छेदिका’ सूत्र त्याच रीतीचे आहे. तारीख नमूद असलेल्या उपलब्ध संपूर्ण मुद्रित ग्रंथांत ते सर्वांत जुने. सात ताव, लांबी सुमारे पाच मीटर. वांग जिए नामक उपासकाने आईवडिलांच्या नावे, विनामूल्य वाटण्यासाठी ते करविले. धम्मदानाची ही रीत आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

परंतु गुंडाळीत मधला उतारा पाहावयाचा तर सारा पट्टा उलगडावा लागे. नित्य पठण करणाऱ्या भिक्खूंना हे जाचत असणार, असे आम्हांस वाटते. उपाय साधा होता : तोच पट्टा पुढे-मागे घड्या घालून वर-खाली पुठ्ठे लावावयाचे. चिनी भाषेत या बांधणीचे नावच ‘सूत्रघडी’ असे आहे. इ.स. ९८३ मध्ये पूर्ण झालेला त्रिपिटकाचा पहिला मुद्रित संच, सुमारे १,३०,००० लाकडी ठोकळ्यांचा, गुंडाळ्यांतच होता. फुचौ येथे इ.स. १०८० च्या सुमारास आरंभलेला संच घडीत निघाला. तुन-हुआंग येथील इ.स. ९४९ ची छापील ‘वज्रच्छेदिका’ तर लहानशी पुस्तिकाच आहे.

पुढे सुंग काळात ‘फुलपाखरू’ बांधणी आली. एका बाजूस छापलेला ताव मजकूर आत ठेवून दुमडत व घडीच्या कडा खळीने चिकटवीत. त्यामुळे दोन छापील पानांमागून दोन कोरी पाने येत. मग घडी उलटी झाली, मजकूर बाहेर आला. आणि मिंग काळात खळीऐवजी दोऱ्याची शिवण रूढ झाली. दोरा तुटला तरी पान शाबूत राहते, पुन्हा शिवता येते.

हे सांगण्याचे कारण घरचेच आहे. आपल्या चळवळीची नियतकालिके बहुधा मध्ये दोन पिना मारलेली. पिना गंजतात, मधले फर्मे सुटतात. नुसत्या डिंकावर चिकटविलेल्या पुस्तकांची पाने तर उघडताच हातात येतात. आमच्या संग्रहातील जुन्या अंकांच्या पिना काढून आम्ही ते जुजबंदीने शिवून घेतले. खळीत मोरचूद घालावयास मात्र बाइंडरला दोनदा सांगावे लागले.