सांकेतिक नाव उपपत्ती (जेम्स बाँड)
जेम्स बाँड चित्रपटमालिकेतील कालविसंगतींचा मेळ घालण्यासाठी चाहत्यांनी मांडलेली उपपत्ती. ‘जेम्स बाँड’ हे एकामागून एक येणाऱ्या हेरांना मिळणारे पदनाम आहे. म्हणून नट बदलतात, पण बाँड म्हातारा होत नाही, असा तिचा गाभा. मुख्य आधार ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) हा चित्रपट : १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये समोरासमोर आलेला खलनायक ब्लोफेल्ड येथे बाँडला ओळखत नाही. खरे कारण साधे आहे. हे चित्रपट बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंगच्या ज्या दोन कादंबऱ्यांवर बेतले, त्यांचा क्रम पडद्यावर उलटा झाला. उपपत्ती कल्पक आहे, पण टिकत नाही : १९६९ च्या चित्रपटातील जॉर्ज लेझनबीच्या बाँडची पत्नी ट्रेसी हिच्या थडग्यावर १९८१ च्या चित्रपटात रॉजर मूरचा बाँड फुले वाहतो आणि ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) बाँड आडनावाच्या आईवडिलांची कबर दिसते.