भगंदर: वाट चुकलेल्या पाण्याची गोष्ट

आजचा विषय जेवताना ऐकायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ऐका नक्की.

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे मामा तलावाचा पाट मधेच फुटला, की पाणी भलत्याच बांधीत शिरतं. पोटातही असंच होतं. आतड्याची दुसऱ्या आतड्याशी, मूत्राशयाशी, योनीमार्गाशी, नाहीतर थेट कातडीशी नको ती वाट जोडली जाते. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणतात. कारणं बरीच: ऑपरेशननंतर आतला टाका सुटणं, टीबी, क्रोन्स, कर्करोग, रेडिएशन, अडलेलं बाळंतपण. त्यातला आपल्या ओळखीचा प्रकार म्हणजे गुदद्वाराजवळचा भगंदर.

आमच्या मोठ्या बाबांनी तो तीन वर्षं लपवला. मूळव्याध आहे म्हणायचे आणि मलम लावायचे. लाज, दुसरं काय!

गंमत बघा, सुश्रुताला अशी लाज नव्हती. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार आहेत. चाळणीसारखी अनेक तोंडं असलेला शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उष्ट्रग्रीव, सतत वाहणारा परिस्रावी, शंखासारखे वेढे घेणारा शंबूकावर्त आणि अन्नातून गिळलेल्या हाडामुळे जखम होऊन झालेला उन्मार्गी. शिवाय त्यात स्पष्ट म्हटलंय, की न पिकलेली ती पुळी, पिकून फुटली की भगंदर. आजचे सर्जनही सांगतात, बहुतेक वेळा आधी गळू होतो, मग वाट पडते.

उपचारही जुनाच. ११व्या शतकातल्या चक्रदत्तात निवडुंगाचा चीक आणि हळद लावलेल्या दोऱ्याचा उल्लेख आहे. हा क्षारसूत्र मागे पडला होता. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी तो पुन्हा वापरात आणला. दोरा त्या वाटेतून ओवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. तो हळूहळू कापत जातो, मागून जखम भरत येते.

पण जुनं म्हणून खरं, असं आम्ही इंजिनियर लोक मानत नाही. टेस्ट पाहिजे! ती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केली. १९९१ मध्ये निकाल छापून आला. रुग्ण ५०२. दोऱ्याने बरं व्हायला ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण वर्षभरात आजार उलटला दोऱ्यात ४ टक्के लोकांना, शस्त्रक्रियेत ११ टक्के. म्हणजे वेळ जास्त, पण उलटण्याची भीती कमी.

मात्र दोरा सगळ्या फिस्टुलांना चालत नाही. वाट कुठून कुठे जाते आणि कशामुळे पडली, हे आधी शोधावं लागतं. टीबी असेल तर टीबीचं औषध घ्यावंच लागणार. मलमाने तीन वर्षं निघून जातात, आजार तिथेच राहतो.

१६८६ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईवरही भगंदराची शस्त्रक्रिया झाली होती. राजाला होतो, तर आपल्याला कसली लाज? घरात कोणी गुपचूप मलम लावत असेल, तर एकदा विचारा. तेवढं केलंत तरी हा भाग सार्थकी लागला. भेटू पुढच्या भागात!