मूळ नाव राखणारी शाखा

शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तथापि ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला. दुसऱ्याच्या कृतीचा सांभाळ करण्याचा हा धर्म संगणकाच्या युगातही पाळला गेला आहे.

स्वीडनचे फ्रेड्रिक लुंध यांनी १९९५ मध्ये पायथन या संगणकभाषेसाठी चित्रांवर संस्कार करणारी ‘पिल’ ही लायब्ररी आरंभिली. २००९ च्या आवृत्तीनंतर तिचे काम थांबले. २०१० मध्ये अ‍ॅलेक्स क्लार्क यांनी तिची ‘पिलो’ नावाची शाखा काढली आणि तिला ‘स्नेही शाखा’ म्हटले. प्रारंभी त्यांनी मूळ संहितेत फारसा फेरफार केला नाही. ती संगणकावर बसविणे तेवढे सुलभ केले. आढळलेले दोष आधी मूळ कर्त्यास कळवावेत, असाही संकेत होता. परंतु नवी आवृत्ती आली नाही, आणि पायथनची तिसरी पिढी तर अवतरली होती. अखेर २०१३ मध्ये पिलोनेच तिच्याशी सांगड घातली.

स्नेहालाही मर्यादा होती: पिलो बसविण्यापूर्वी पिल काढून टाकावी लागे. लुंध २०२१ मध्ये निवर्तले. मात्र जबलपूरच्या घमापुरातील विद्यार्थी आज पिलो वापरू लागला, तरी आज्ञेत तो ‘पिल’ हेच नाव लिहितो.