एमा लिव्रीचा झगा

एमा लिव्रीच्या मृत्यूचा दोष बहुतेक वेळा तिच्याच पदरात टाकला जातो. पॅरिस ऑपेराची ही वीस वर्षांची नर्तकी १५ नोव्हेंबर १८६२ रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’ या ऑपेराच्या तालमीत होती. झग्याला गॅसच्या दिव्याची ज्योत लागली आणि पाहता पाहता ती ज्वाळांत वेढली गेली. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ ला ती गेली. सहज पेट न घेणारे कापड उपलब्ध होते, ते वापरण्याचा हुकूमही होता, तिने ते नाकारले. तेव्हा हा सौंदर्याच्या हट्टाचा बळी, असा निवाडा देऊन लोक मोकळे होतात. मला तो अन्यायाचा वाटतो. हा हट्ट ज्या रंगभूमीने तिच्यात रुजवला, तिची झडती कुणी घेत नाही.

१८३२ मध्ये मारी तालियोनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये पांढऱ्या, तलम, घेरदार झग्यात नाचली, आणि नर्तकीला वजनच नसावे ही प्रेक्षकांची अपेक्षा पक्की झाली. कापडाच्या विरळ थरांत हवा खेळते म्हणून झगा तरंगतो; तो भडकन पेटतो तेही त्यामुळेच. पॅरिस ऑपेराच्या ल पेलतिए नाट्यगृहात तर १८२२ पासून गॅसचे दिवे जळत होते. लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये १८४४ साली नर्तकी क्लारा वेब्स्टर अशीच भाजून मेली होती, म्हणजे धोका सर्वांना ठाऊक होता. एमाचे पदार्पण १८५८ मध्ये झाले ते ‘ला सिल्फीद’मधूनच. पुढे खुद्द तालियोनी तिची गुरू झाली आणि १८६० मध्ये तिने एमासाठी ‘ल पापियाँ’ हा बॅले बसवला. हलकेपणा हेच जिचे सारे भांडवल, तिच्या अंगावर जड झगा चढवायचा म्हणजे काय मागायचे, याचा विचार व्हायला हवा.

यावर आक्षेप येतो तो तिच्या पत्राचा. १८५९ च्या शाही हुकमानुसार कपडे कार्तरोन नावाच्या संशोधकाच्या पद्धतीने क्षारांच्या द्रावणात बुडवून घ्यायचे होते. त्याने कापड ताठ आणि मळकट होई. १८६० मध्ये एमाने संचालकांना लिहून कळवले की मी साधाच झगा घालीन, जबाबदारी माझी. अंथरुणाला खिळल्यावरही तिने ते कुरूप झगे नकोच म्हटल्याचे सांगतात. पण अठरा वर्षांच्या मुलीच्या सहीने शाही हुकूम बाजूला सारता येत असेल, तर तो पाळण्याची इच्छा वरच्यांनाही नव्हती, हेच सिद्ध होते. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसाकने कापड आगीपासून वाचवणाऱ्या क्षारांचा अभ्यास १८२१ मध्येच मांडला होता; चार दशकांनंतरही तिच्यापुढे ठेवला गेला तो मळकट झगाच. आणि उघड्या ज्योतींना आडोसा करणे, नर्तकींच्या हालचाली दिव्यांपासून लांब आखणे, या गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातल्या होत्या. त्यांसाठी कुठल्याच नर्तकीची संमती लागत नव्हती.